पाच पाकळ्यांचा स्क्रू

दर सप्टेंबरात महाराष्ट्रातल्या घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांवर तोच खटला नव्याने उभा राहतो. एका बाजूला बीकेसीतल्या ॲपलच्या दुकानाबाहेरच्या रांगेचे फोटो (मुंबईत हे दुकान एप्रिल २०२३ मध्ये उघडलं, पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ मध्ये), दुसऱ्या बाजूला किडनी विकण्याचे तेच ते विनोद. कुणी हप्त्यांचा हिशोब मांडतं, कुणी म्हणतं एवढ्या पैशांत दुसऱ्या कंपनीचे दोन चांगले फोन येतात. शेवटी परदेशातल्या नातेवाइकाकडे चेंडू येतो: ‘येताना आणशील का? तिकडे स्वस्त असेल ना?’

माझं घर जर्मनीत आहे, आणि इथून तरी नाही. आयफोन १७ बाजारात आला तेव्हा २५६ जीबीची किंमत भारतात जीएसटी धरून ८२,९०० रुपये होती, जर्मनीत व्हॅट धरून ९४९ युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी इथे तो बारा हजारांनी महाग पडतो. अमेरिकेत ७९९ डॉलर, वर त्या त्या राज्याचा विक्रीकर. तिथून आणलेल्या फोनची गोम वेगळीच आहे, तिच्याकडे येतोच.

पण किंमत आणि मिरवणं, या दोनच खुंट्यांना हा वाद बांधून घातलाय याचं मला नवल वाटतं. ॲपलबद्दलचा माझा जुना संशय किमतीचा नव्हता. तो फोनच्या तळाशी, चार्जिंगच्या खाचेशेजारी बसवलेल्या दोन स्क्रूंबद्दल होता. पाच पाकळ्यांच्या डोक्याचे हे स्क्रू २०११ मध्ये आयफोन ४ वर आले. साधा फिलिप्स स्क्रू तिथे तितकंच काम करत होता. नव्या आकाराचा उपयोग एकच, घरातला स्क्रूड्रायव्हर लागू नये. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने कबूल केलं की बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनांचा वेग ती न सांगता कमी करत होती. थकलेली बॅटरी अचानक जास्त वीज मागितली की कोसळते आणि फोन बंद पडतो, हे तांत्रिक कारण खरंच होतं. गुन्हा होता न सांगण्याचा, कारण नवी बॅटरी घालून जो फोन पूर्ववत पळाला असता तो लोक जुना झाला म्हणून मोडीत काढत होते. फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला तो याच मौनाबद्दल.

आता माझं मत बदललंय. पूर्ण नाही, पण कुठे आणि का बदललं ते नीट सांगण्यासारखं आहे.

आधी कंपनीच्या बाजूचं. २०१३ च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्ये सुरक्षा अपडेट मिळाला. २०१५ चा ६एस आयओएस (आयफोनची कार्यप्रणाली) ९ घेऊन आला आणि आयओएस १५ पर्यंत चालला. त्या काळात अँड्रॉइडच्या बहुतेक फोनांना दोन-तीन वर्षांत वाऱ्यावर सोडत. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं वचन दिल्यावर हा फरक मिटत आला. पण फोन सात-आठ वर्षं वापरायचा म्हणजे मध्ये एकदा, कदाचित दोनदा, बॅटरी बदलणं आलंच. आयफोन १४ पर्यंतची बॅटरी ५०० पूर्ण चार्जांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरेल अशी बनवलेली आहे. रोजच्या वापरात दीड-दोन वर्षांत तेवढे चार्ज होतात.

ही बदलाबदली कशी होते ते एकदा समजून घ्या, कारण खरा वाद तिथे आहे. पडद्याच्या बाजूने उघडणाऱ्या आयफोनात (साधारण १३ पर्यंत) आधी चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणायचा. भरलेल्या सेलला चुकून टोचलं तर आग मोठी होते. दोन स्क्रू काढायचे, कड गरम करून डिंक मऊ करायचा, सक्शन कपने पडदा जरासा उचलून फटीत प्लॅस्टिकची पट्टी घालायची, तीन मिलिमीटरपेक्षा आत नाही. पडदा पुस्तकासारखा एका बाजूने उघडतो. उलट बाजूने किंवा झटक्यात उघडला की केबल फाटते. आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. मग बॅटरीखालच्या चिकट पट्ट्यांची टोकं पकडून जवळजवळ आडवी, सावकाश ओढायची.

घात होतो तो इथे. जुनी पट्टी अर्ध्यावर तुटते, माणूस वैतागून धातूचं काहीतरी खाली खुपसतो, सेल वाकतो किंवा फुटतो. पट्टी तुटलीच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून एक-दोन मिनिटं थांबायचं आणि प्लॅस्टिक कार्डाने उचलायचं. शेवटी कडेची चिकट सील नवी लावायची. ही पायरी घाईत सर्रास गाळली जाते, आणि गिऱ्हाइकाला ते जूनमध्ये पहिल्या पावसात कळतं.

आयफोन १६ आणि १६ प्लसमध्ये हे बदललं. बॅटरीखालचा डिंक विजेने पकड सोडतो: नऊ व्होल्टची साधी चौकोनी बॅटरी दोन टोकांना जोडायची, दीड मिनिट थांबायचं, सेल उचलायचा. ओढाताण नाही, खुपसणं नाही. (१६ प्रोला मात्र त्याच जुन्या पट्ट्या.) हे काम करणाऱ्याच्या हिताचं डिझाइन आहे, आणि ते याच कंपनीकडून येईल यावर पाच वर्षांपूर्वी माझा विश्वास बसला नसता.

याला मनपरिवर्तन म्हणावं, तर आधी युरोपचे नियम शेजारी ठेवून वाचा. जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार फोनच्या बॅटरीने ८०० चार्जांनंतर ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. विक्री थांबल्यावर मुख्य सुटे भाग सात वर्षं आणि अपडेट पाच वर्षं मिळाले पाहिजेत. बॅटरी गिऱ्हाइकाला घरी बदलता आली पाहिजे. या शेवटच्या अटीतून सुटायचं असेल तर फोन पाण्यात टिकणारा हवा आणि १,००० चार्जांनंतर बॅटरी ८० टक्के उरली पाहिजे. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲपलने जाहीर केलं की आयफोन १५ च्या बॅटऱ्या नव्याने तपासल्या असता त्या १,००० चार्जांनंतर ८० टक्के उरतात. आकड्याला आकडा तंतोतंत जुळला. यूएसबी-सीचंही तसंच: सक्ती २८ डिसेंबर २०२४ पासून, आयफोन १५ वर ती खाच आली सप्टेंबर २०२३ मध्ये.

इथे जर्मनीतल्या दुकानात आता फोनखाली फ्रिजसारखं लेबल लागतं. त्यावर बॅटरी किती चार्ज टिकेल ते आकड्यात, आणि पडल्यावर काय होईल व दुरुस्ती किती सोपी, ते ए ते ई अशा श्रेणीत छापलेलं असतं. शिवाय विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी दोन वर्षांची, भारतातल्या एक वर्षाच्या कंपनी वॉरंटीच्या वरची. भारतात ग्राहक व्यवहार खात्याचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल डिसेंबर २०२२ पासून आहे. तिथे कंपन्या माहिती ठेवतात; सुटे भाग सात वर्षं द्याच, असं कुणी त्यांना बजावत नाही.

माझा उरलेला संशय मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तापकीर गल्लीत, दुरुस्तीवाल्यांच्या दुकानांत, जाऊन बसतो. मायक्रोस्कोपखाली बोर्डावरचा आयसी (चिप) बदलणारे हात तिथे आहेत तसे जर्मनीतल्या मध्यम शहरात शोधून सापडत नाहीत. आणि सुट्या भागांना सॉफ्टवेअरच्या कुलपाने फोनशी बांधण्याचा सर्वांत मोठा फटका बसला तो याच लोकांना. बाहेरची बॅटरी घातली की ‘अननोन पार्ट’ असा इशारा. म्हणून कारागीर जुन्या बॅटरीची छोटी सर्किटपट्टी कापून नव्या सेलवर स्पॉट वेल्ड करतात. पडदा बदलला की ट्रू टोन, म्हणजे भोवतालच्या उजेडाप्रमाणे पडद्याचे रंग जुळवण्याची सोय, जाते. म्हणून जुन्या पडद्याच्या चिपमधली माहिती प्रोग्रामरने नव्या पडद्यावर उतरवतात. आयफोन एक्स ते १२ मध्ये पडद्यामागची कानाजवळची स्पीकर-सेन्सर पट्टी मूळचीच परत लावावी लागते, नाहीतर फेस आयडी कायमचा गेला. हे जुगाड हौसेपोटी जन्मले नाहीत.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने अशा कुलपांना कायद्याने मनाई केली. पुढच्याच महिन्यात ॲपलने वापरलेले अस्सल भाग चालू देण्याची घोषणा केली आणि आयओएस १८ मध्ये फोनवरच भाग जुळवून घेण्याची सोय आली. चोरलेल्या फोनचे भाग मात्र आता कुलूपबंद राहतात, आणि ते मला पटतं. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडा. भाग बदललेला असेल तर त्याचा इतिहास तिथे दिसतो. जुना आयफोन विकत घेताना किडनीच्या विनोदांपेक्षा ही एक ओळ जास्त कामाची. तिच्याबरोबर बॅटरी हेल्थचा आकडा पाहा. ८० च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च भावातून वजा करा.

आता अमेरिकेची गोम. तिथल्या आयफोनांना १४ पासून सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनातच बसवलेलं, काढता न येणारं सिम. १७ पासून हीच गत अमिरात, सौदी, कतार, ओमान, कुवेत आणि बहारीनच्या फोनांची, म्हणजे दुबईहून येणारी भेटसुद्धा त्यात आली. जिओ, एअरटेल, व्हीआय ई-सिम देतात, तेव्हा फोन चालेल. पण सत्तरीच्या आईचा असा फोन रविवारी बंद पडला, तर सिम काढून जुन्या नोकियात घालता येत नाही, आणि बँकेचा ओटीपी त्या बंद फोनातच अडकतो. फोन ऑपरेटरच्या करारात अडकलेला नाही ना, हेही पाहा. तसा असेल तर भारतीय सिम तो ओळखतच नाही. वॉरंटीचं काम खरेदीच्या देशापुरतं मर्यादित ठेवण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते, तेव्हा बिल जपून ठेवा. आईसाठी घ्यायचाच असेल, तर खाच असलेला, पुण्यातच घेतलेला बरा.