धरणावर पोहायला जाताय? आधी काठ बघा

होळी जवळ आली की जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपवर एकच विषय निघतो, रविवारी पोहायला कुठं जायचं? मग धरणांची नावं येतात, ड्रोनने काढलेले निळ्याशार पाण्याचे फोटो येतात. त्या फोटोत काठ कुठेच दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की जागा पाण्यावरून ठरवू नका, काठावरून ठरवा.

युरोपात तलावाच्या पोहण्याच्या जागा जाहीर केलेल्या असतात. तिथलं पाणी हंगामात तपासतात आणि 'उत्कृष्ट'पासून 'खराब'पर्यंत चारपैकी एक दर्जा देतात. आपल्याकडची धरणं सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली आहेत. तिथे कुणी वाळू पसरून, दोर बांधून ठेवत नाही. म्हणजे तपासणी आपल्यालाच करायची. आणि 'पोहण्यास मनाई' असा बोर्ड दिसला की विषय तिथेच संपला, गाडी वळवा.

काही जागा यादीतून आधीच कापा. जळगावच्या मेहरूण तलावात गणपती विसर्जन होतं, तळाशी काय अडकलंय ते वरून कळत नाही. तापीवरच्या हतनूर धरणाच्या 41 दरवाज्यांखालचं पात्र, गिरणा नदीचं कोरडं दिसणारं पात्र, दोन्ही नकोत. वरच्या धरणातून आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की कोरड्या वाळूत बसलेल्या माणसाला आकाशात ढगही दिसत नाही आणि पाणी येऊन जातं. शिवाय वाळू उपशाचे डोह आहेतच. अनेर धरणाचा परिसर अभयारण्यात आहे, तिथे वनखात्याचे नियम लागतात. केटीवेअरच्या, म्हणजे नदीवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्याच्या, खाली तर नकोच नको. सांडव्यावरून पडणारं पाणी खाली गोल फिरतं आणि माणसाला परत भिंतीकडेच ओढतं.

शेततळ्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण लोकांना तेच सगळ्यात सुरक्षित वाटतं. घरचं, स्वच्छ, चौकोनी. पण आतली प्लास्टिकची पन्नी उतारावर असते, तिच्यावर शेवाळ धरतं, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर पडता येत नाही. हात टेकला की घसरतो. पाटाच्या सिमेंट अस्तराचंही तसंच. वर पक्क्या खुंट्याला बांधलेला, दर हातभर अंतरावर गाठी मारलेला दोर पाण्यात सोडलेला नसेल तर शेततळ्यात कुणालाही उतरू देऊ नका.

आता धरणाचा काठ. यात महिना फार महत्त्वाचा. दिवाळीच्या सुमारास धरण भरलेलं असतं, तेव्हा पाणी वेड्या बाभळीच्या झुडपांवर, कुंपणाच्या तारांवर, बुडीत शेतातल्या जुन्या विहिरींवर उभं असतं. वरून सगळं सपाट. एप्रिल-मेमध्ये पाणी खूप आत सरकतं आणि मध्ये काळ्या मातीचा गाळ उघडा पडतो. वरची पापडी वाळलेली, खाली लगदा. पाय मांडीपर्यंत जातो, आणि एक पाय ओढताना दुसरा रुततो. म्हणून फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हा काळ बरा. रब्बीची आवर्तनं होऊन पाणी थोडं उतरलेलं असतं, काठाची झुडपं उघडी पडलेली असतात आणि पाण्याची थंडीही कमी झालेली असते.

काठ मुरमाड हवा. पायाखाली खरखर लागली पाहिजे. जिथे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पाण्यात उतरलेल्या दिसतात तिथे थांबून विचारा. 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत अनेक तलावांतून गाळ काढला गेला. शेताला ते सोनं आहे, पण पोकलेनने खणलेल्या खड्ड्याची कड उभी असते. गुडघाभर पाण्यात चालणारं पोर पुढच्या पावलाला डोक्यावरच्या पाण्यात जातं. तिथल्या भोई बांधवांना विचारा, खड्डे कुठं आणि जाळी कुठं ते त्यांना तोंडपाठ असतं. नायलॉनचं जाळं पाण्यात दिसत नाही. रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोल ओळीत तरंगताना दिसले की त्या बाजूला जाऊ नका.

मोजणी अशी करा. दहा फुटांचा बांबू घ्या, फूटफूट अंतरावर रंगाची खूण करा. पोहता येणारा एक माणूस कमरेला दोर बांधून आत जाईल, दोराचं टोक काठावर दुसऱ्याच्या हातात. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी बांबू टेकवायचा. दहा फूट आत गेल्यावर फूट-दीड फूट खोली वाढली तर उतार चांगला. पाच-सहा पावलांत गुडघ्याचं पाणी छातीला आलं तर ती जागा सोडा. चांगली जागा सापडली की चार बांबू रोवून रंगीत दोर बांधा. दोराची शेवटची रेघ सगळ्यात बुटक्या पोराच्या कमरेएवढ्या पाण्यात. दोर प्लास्टिकचा, तरंगणारा घ्या. सुताचा भिजून बुडतो.

पाण्याचा रंगही बघा. काडी बुडवून वर काढा. हिरवे केस लोंबले तर साधं शेवाळ. काडीला हिरवा ऑइलपेंट लागल्यासारखं दिसलं तर ते विषारी असू शकतं, मुलं आणि जनावरं दोघांनाही दूर ठेवा. म्हशी डुंबतात तिथे, आणि पायाला जखम असेल तर कुठेच, उतरू नका; लेप्टोचा (जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराचा) धोका असतो.

वाऱ्याचं मात्र कोडं आहे. वारा काठाकडे येत असेल तर कचरा तिथेच साचतो. काठावरून आत जात असेल तर ट्यूबवर बसलेलं पोर आत वाहत जातं. मी कचरा पत्करेन. नाहीतर सकाळी आठ ते अकरा, वारा पडलेला असताना पोहून घ्या. भरीत पार्टीही त्याच दिवशी असेल तर भरीत दुपारी, आणि ज्याने दारू घेतली तो पाण्यात नाही, पोरांवर लक्ष ठेवायलाही नाही.

साडी, जीन्स, सलवार भिजल्या की जड होतात आणि पायात गुंततात. पट्ट्याची जुनी सँडल घाला, शिंपले आणि फुटक्या बाटल्या असतात. गोड्या पाण्यात शरीर समुद्राएवढं तरंगत नाही, गोव्यात जमलं म्हणून इथे जमेल असं नाही.

बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, शांतपणे खाली जातो. म्हणून काठावर मोबाइल न बघणारा एक माणूस, वीस मीटर दोर आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन हवाच. कॅन दोराला बांधून फेका, मागोमाग उडी मारू नका. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर पोट दाबू नका, उलटं टांगू नका. आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा. एकाने लगेच 108 लावायचा. सातपुड्याच्या पायथ्याला रेंज कुठं येते ते पोहायला उतरण्याआधी बघून ठेवा.