घरासाठी फोर बाय फोर घेताय? आधी माणसं मोजा, मग फोर-लो बघा

मृगाचा पहिला दणका बसला, वावराची वाट काळी झाली, की आपल्याकडे फोर बाय फोरची, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणाऱ्या गाडीची, चौकशी सुरू होते. बजेट बारा ते वीस लाख, घरात चार-पाच माणसं, आणि फिरायचं म्हणजे शेत, सातपुडा, कधीतरी अक्राणी. या लोकांसाठीच हे लिहितोय.

तुम्हाला फक्त तोरणमाळ, पाल, पाटणादेवी करायचं असेल तर फोर बाय फोर घेऊ नका. तिथवर डांबरी रस्ता जातो. २०० मिमीच्या आसपास ग्राउंड क्लिअरन्स असलेली कुठलीही साधी गाडी पुरते आणि चार-पाच लाख वाचतात. फोर बाय फोर लागते ती पावसाळ्यात काळ्या जमिनीतून शेतात जायला, धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांच्या कच्च्या चढांना, नदीच्या वाळूला. वर्षातून दहा-पंधरा दिवस तरी अशा वाटेला जाणार असाल तरच पुढचं वाचा.

पहिली गोष्ट माणसं. आरसी बुकावर आसनसंख्या किती आहे ते बघा. जिम्नी चार जणांची, तीन दारांची थार चार जणांची. "मुलं लहान आहेत, बसतील पाच" हे घाटात चालत नाही. पाचव्याला सीटबेल्ट नाही आणि अपघात झाला तर विम्यातही वाद होतो. शिवाय तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचं तर पुढची सीट सरकवून, वाकून आत शिरावं लागतं. घरात गुडघेदुखीचे आजी-आजोबा असतील तर हा विषय तिथेच संपतो. डिक्कीही नावालाच आहे. दोघांची हौस म्हणून ती गाडी उत्तम, पण घरची एकमेव गाडी म्हणून मी ती सुचवणार नाही.

दुसरी गोष्ट फोर-लो, म्हणजे चारही चाकं हळू पण जास्त जोराने फिरवणारी लो रेंज. गाडीच्या मागे फोर बाय फोर किंवा ऑल व्हील असं लिहिलेलं बघून भुलू नका. ग्रँड व्हिटाराची ऑलग्रिप गाडी चारही चाकांना ताकद देते, पण तिला लो रेंज नाही. ओल्या मुरमावर, घाटातल्या निसरड्या वळणावर ती छान चालते. दगडगोट्यांच्या उभ्या चढावर, भरल्या गाडीने, पहिल्या गिअरमध्येही तिचा वेग जास्त पडतो. मग मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर ड्रायव्हर क्लच अर्धा दाबून ठेवतो आणि दहा मिनिटांत जळका वास येतो. फोर-लोमध्ये ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीतला) वेगळा गिअर चाकांवरचा जोर वाढवतो, जिम्नीत साधारण दुप्पट, थारमध्ये जवळजवळ अडीचपट, आणि वेग तेवढाच कमी करतो. उताराला तर त्याचं मोल जास्त आहे. पहिल्या गिअरला टाकून ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी माणसाच्या चालीने उतरते. चांदसैली घाटाच्या बाजूच्या कच्च्या उतारांवर तापलेले ब्रेक आणि थंड ब्रेक यांतला फरक जिवाचा असतो.

शोरूममध्ये आणखी एका ठिकाणी फसगत होते. थार, थार रॉक्स, स्कॉर्पिओ-एन या गाड्या फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्याही मिळतात, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एनला फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये आहे. स्कॉर्पिओ क्लासिकला नाहीच. जिम्नीच्या मात्र प्रत्येक व्हेरियंटला फोर-लो आहे. बुकिंगच्या पावतीवर व्हेरियंटचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि गाडीत दुसरा लिव्हर किंवा फोर-लोचं बटण स्वतः हात लावून बघा.

आता माझं मत. चौकोनी कुटुंब असेल तर जिम्नी. लो रेंज असलेल्या नव्या गाड्यांत तीच सगळ्यात स्वस्त पडते. खरं कारण मात्र वजन आहे: साधारण १२०० किलो. आपली कपाशीची काळी जमीन भिजली की फुगते, वरून लोण्यासारखी होते आणि आत भार पेलत नाही. दोन टनांची गाडी तिथे चाकाच्या वजनानेच बसते, मग तिला डावं-उजवं चाक जखडून एकत्र फिरवणारे कितीही लॉक असोत. हलकी गाडी वरवरून निघून जाते, आणि फसलीच तर चार गडी ढकलून काढतात. तिच्या उणिवाही मोठ्या आहेत. मागच्या सीट उभ्या असताना डिक्की २०८ लिटर, म्हणजे माणशी एक छोटी बॅग. टपावर कॅरिअर लावून पाण्याचे जार चढवू नका, वरचं वजन आडव्या उतारावर गाडी कलंडवतं. पुढे-मागे दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल असल्याने खराब डांबरीवर ती उड्या मारते, मागच्यांची कंबर बोलते. पेट्रोल इंजिनची ओढ (टॉर्क) १३४ एनएमच, भरल्या गाडीने घाटात ओव्हरटेक करताना दमतं. टाकी ४० लिटरची आहे आणि फोर-लोमध्ये मायलेज निम्म्यावर येतं, म्हणून धडगावकडे निघताना शहादा किंवा तळोद्यालाच टाकी फुल करा.

पाच माणसं असतील तर थार रॉक्स डिझेल. पाच दारं, ४४७ लिटरची डिक्की, मागे लॉक होणारं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच). पण व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २८५० मिमी आहे, जिम्नीपेक्षा २६० मिमीने जास्त. उंच बांध ओलांडताना पुढची चाकं उतरतात, मागची चढायची असतात आणि पोट बांधावर टेकतं. बांध सरळ न चढता थोडा तिरका घ्यावा, एकेक चाक वर चढू द्यावं. सहा-सात माणसं नेहमीची असतील तर स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर, नाहीतर पाच दारांची गुरखा. गुरखाला पुढे-मागे दोन्ही लॉक आणि ७०० मिमी पाण्यातून जायची क्षमता कंपनीने दिली आहे. रोजच्या बाजारहाटाला मात्र ती अवजड वाटते, बुक करण्याआधी घरातल्या प्रत्येकाला चालवायला द्या.

डिझेल घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारं फिल्टर असतं, डीपीएफ. ती काजळी जाळायला पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने हायवेवर चालवावं लागतं. गाडी महिनाभर गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरली तर ते तुंबतं, दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केलं की खर्च मोठा होतो. अशा वापराला पेट्रोलच बरं. आपल्या राज्यात डिझेलला आरटीओचा करही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आहे.

वाचलेले पैसे टायरला घाला. कंपनीचे बहुतेक टायर रस्त्यासाठीचे असतात. काळ्या गाऱ्यात त्यांच्या खाचा दोन फेऱ्यांत भरतात, टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो आणि "गाडी गारामा फसनी" असा फोन घरी जातो. ऑल-टेरेन टायरच्या खाचा रुंद असतात, चाक फिरलं की चिखल बाहेर फेकला जातो. साइज कंपनीचीच ठेवा, आणि चारही टायर एकाच मेकचे, एकसारखे झिजलेले. फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, पण नेहमीच्या वेगाला) पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना जखडतो. टायरच्या घेरात फरक असेल तर तो ताण ट्रान्सफर केसवर येतो. याच कारणाने कोरड्या डांबरावर, सिमेंट रस्त्यावर फोर-हाय कधीच लावू नये. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, ते अंतर भरून काढायला जागा मिळत नाही, स्टीअरिंग जड होतं आणि गाडी झटके देते. रस्त्यावर टू-हाय (फक्त मागच्या चाकांना ताकद), कच्च्यावर फोर-हाय, आणि फोर-लो टाकायचा तो गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये, फसायच्या आधी.

हवा कमी करणं हा फुकटातला उपाय आहे आणि तोच कोणी करत नाही. काळ्या चिखलात २० ते २२ पीएसआय, तापी-गिरणेच्या कोरड्या वाळूत १६ ते १८. टायर लांबट पसरतो, वजन वाटलं जातं. त्या हवेवर वेग ३० च्या आत ठेवा, झटक्यात वळू नका, नाहीतर टायर रिममधून सुटतो. डांबरी लागण्याआधी हवा परत भरायची, म्हणून बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज गाडीत हवंच. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कमी हवेचा टायर हायवेवर तापून फुटतो.

एक चाक हवेत गेलं की तेच गरगर फिरतं आणि जमिनीवरचं थांबतं, कारण साधं डिफरन्शियल ताकद सोप्या वाटेने जाऊ देतं. जिम्नीत गाडी स्वतः त्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते आणि ताकद दुसरीकडे वळवते. याला एक-दोन सेकंद लागतात. बहुतेक जण नेमका तेव्हाच घाबरून पाय काढतात. अ‍ॅक्सिलरेटर हलका पण एकसारखा दाबून ठेवा, कर्र-कर्र आवाज येईल, येऊ द्या.

पाण्याबद्दल जरा सविस्तर, कारण फरशी पुलावरून दरवर्षी गाड्या वाहून जातात. पाणी वाहतं असेल तर गाडी घालूच नका, आणि गढूळ असून तळ दिसत नसेल तर उतरूच नका. गिरणेच्या पात्रात वाळू उपशाचे खड्डे असतात. वरून वीतभर पाणी आणि खाली पुरुषभर खड्डा. एअर फिल्टरमधून पाणी इंजिनात गेलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ओढूनच बाहेर काढा. साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. दुसरं नुकसान दिसत नाही. चालून तापलेलं डिफरन्शियल थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा जाण्याची नळी) आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. खोल पाण्यातून गेल्यावर डिफरन्शियलचं ऑइल तपासून घ्या. दुधाच्या चहासारखं दिसलं तर लगेच बदला, नाहीतर बेअरिंग जातात.

ट्रॅक्टर बोलावला तर साखळी कुठे अडकवता ते महत्त्वाचं. बंपर, अ‍ॅक्सल, टाय-रॉड यांना कधीच नाही, फक्त चासीला असलेल्या टो-हुकला. लोखंडी साखळी झटक्यात तुटली तर गोफणीसारखी येते. रेटिंग असलेला पट्टा आणि दोन डी-शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) घ्या, पट्ट्यावर ओलं पोतं टाका, माणसं लांब उभी करा. ओढण्याआधी चारही चाकांपुढचा चिखल फावड्याने काढा. निम्मं काम तिथेच होतं.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. जिप्सी, जुनी थार, डस्टरची ऑल व्हील (हिलाही लो रेंज नाही, फक्त पहिला गिअर आखूड आहे) या बाजारात येतात. खाली झोपून चासीवर वेल्डिंगचे डाग बघा. पुढचा प्रोपेलर शाफ्ट हाताने हलवा, खडखड आली तर युनिव्हर्सल जॉइंट गेलाय. मातीच्या मैदानात नेऊन फोर-हाय, फोर-लो दोन्ही लावून बघा. वर्षानुवर्षं न वापरलेला लिव्हर अडकलेला असतो. पुढच्या चाकामागच्या नकलवर (चाक वळतं त्या सांध्यावर) ग्रीस-ऑइल ओघळलेलं असेल तर सील बदलायचं काम आहे. गाडी उंच केलेली, मोठे टायर घातलेली असेल तर सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, आणि बुलबारवर (बंपरपुढच्या लोखंडी गजांवर) २०१७ पासून बंदी आहे.

यावल आणि गौताळा ही अभयारण्यं आहेत. तिथे परवानगीच्या रस्त्याबाहेर चाक घालू नका, तो गुन्हा आहे. आणि कोणाच्या पेरलेल्या वावरातून वाट काढू नका, त्या सरीत गेलेलं बी परत उगवत नाही.

चिखलातून आल्यावर त्याच दिवशी खालून पाणी मारा. काळी माती सुकली की सिमेंट होते, ब्रेकमध्ये आणि रेडिएटरच्या जाळीत बसते. जाळीला प्रेशरचा फवारा जवळून मारू नका, पत्रे वाकतात. साध्या नळीने मागून पुढे धुवा.