माटवाखालची घासाघीस

देवगडात राहून काळी गाडी घेऊ नकोस, असं मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं म्हणा. चार वर्षांपूर्वी ती खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन उभी राहिली, तेव्हा बॉनेटमध्ये माड दिसायचे, नारळांसकट. आता सकाळी माटवाच्या, म्हणजे अंगणातल्या मांडवाच्या, झापांतून कवडसे पडले की प्रत्येक कवडशाभोवती एकेक गोल जाळं दिसतं. बॉनेटवर कोळ्यांची वाडीच बसलीय म्हणा ना.

गुन्हेगार घरचाच. आबा. रोज पूजेआधी ते गाडीवरून कोरडा पंचा फिरवतात. गोल गोल, दाबून, मायेनं. आमच्याकडचा जांभ्याचा लाल धुरळा रात्रीच्या खाऱ्या दमट हवेत गाडीला चिकटून बसलेला असतो आणि पंचा त्याच धुरळ्यानं गाडी घासतो. बोललं की उत्तर तयार, "पुसलं नाय तर गंज धरतलो."

मी त्यांना शास्त्र समजावलं. ओरखडे खरं तर गोल नसतात, सगळ्या दिशांना गेलेले असतात. त्यातले प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून सूर्याभोवती जाळं दिसतं.

आबा म्हणाले, "मगे गाडी सावलीत लाव."

सावली म्हणजे आंबा, आणि महिना जानेवारीचा. मोहोरावर तुडतुडे बसलेले. ते रस शोषतात आणि खाली गोड चिकट थेंब गाळत राहतात. दोन दिवस गाडी तिथं लावली आणि तिची जिलबी झाली.

शेवटी एका रविवारी ठरवलं, आपणच हातानं पॉलिश करायचं. पॉलिशिंग मशीन आणायचा विचार केला होता. पण आमची वीज आणि ते मशीन यांचं जमेल असं वाटेना. क्ले, कंपाउंड म्हणजे घासायची पेस्ट, फोमची गादी, मायक्रोफायबरचे टॉवेल असं सामान मागवलं. ते मांडून बसलो तेव्हा आईनं विचारलं, "सत्यनारायण आसा काय रे?"

आधी नखाची परीक्षा. ओरखड्यावरून नख फिरवायचं. अडकलं तर तो खोल, त्याला पॉलिशनं हात लावायचा नाही. कारण रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. (माझ्या डोक्यावरच्या पुराव्याची आता मोजदादच करता येते, ते सोडा.) पॉलिश ओरखडा भरत नाही, आजूबाजूचा थर घासून त्याच्या पातळीवर आणतं. उजव्या दारावर नख अडकलं. समोरच्या टेम्पोला साइड देताना करवंदाच्या जाळीनं दिलेली ती सही. तिला नमस्कार करून बॉनेटकडे वळलो.

गाडी धुतली. मग शाम्पूच्या पाण्यावरून क्लेची वडी फिरवायची. रुतून बसलेले कण ती ओढून घेते. नियम एकच, वडी जमिनीवर पडली की फेकून द्यायची, नाहीतर तीच खडे घेऊन गाडी ओरबाडते. माझी तिसऱ्या मिनिटाला खळ्यात पडली. सारवलेल्या खळ्यात, बरोब्बर शेणाच्या बाजूला. अर्धी वडी कापून ठेवायची अक्कल मला नंतर आली.

मग कंपाउंड. दीड फूट बाय दीड फूट चौकोन, गादीवर वाटाण्याएवढे तीनचार थेंब, आणि हात सरळ रेषेत; आधी आडवा, मग उभा, आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवून. गोल फिरवायचा नाही. पण हात ऐकतो कुठं? चाळीस वर्षं आबांना पाहिलंय, पाचव्या फेरीला तो आपोआप गोल जायला लागला. कंपाउंड उन्हात सुकतं म्हणून सावली हवी, आणि माटव म्हणजे भोकांची सावली. कवडसा सरकेल तसा मी सरकत होतो. बॉनेटचे सहा चौकोन, प्रत्येकाला तीन फेऱ्या. दुसऱ्या चौकोनाला खांदा बोलू लागला, तिसऱ्याला ओरडू लागला.

आई पडवीतून बघत होती. "इतक्या जोरान घरातलो वरवंटो कधी फिरवलंस नाय तो!"

चौथ्या चौकोनात मात्र टॉवेलानं पुसलं आणि थांबलो. जाळं गेलं होतं. कवडसा नुसता कवडसा होता, नाण्यासारखा, आणि त्याच्या शेजारी माड. अगदी नारळांसकट.

मास्किंग टेप मी लावलीच नव्हती, त्यामुळे पुढच्या काळ्या जाळीत पांढरं कंपाउंड सुकून बसलं. घावन्याचं पीठ सांडल्यासारखं. ते टूथब्रशनं काढेपर्यंत संध्याकाळ झाली. बाकीची गाडी पुढच्या रविवारी, असं खांद्याला सांगून आत गेलो.

सोमवारी सकाळी आबांच्या खांद्यावर माझा निळा मायक्रोफायबर. "आंग पुसूक बरो आसा ह्यो," असं म्हणत ते गाडीकडे गेले. गाडी पुसायला हातात पंचाच होता.

तेवढ्यात शेजारचे भाऊकाका गडग्यावरून डोकावले. चकचकीत बॉनेट बघितलं, मळकट दारं बघितली, पुन्हा बॉनेट. मग आवाज खाली आणून म्हणाले, "खय धडकवलंस रे? बॉनेट नवीन घातलंस मां?"

दुपारपर्यंत वाडीतल्या पाच जणांनी माझी तब्येत विचारली. खांद्याला बाम चोळलेला होताच, त्यामुळे माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.