धूर मोजल्याशिवाय डिझेल स्वच्छ कसं म्हणायचं?

सोलापुरात सध्या कुणीही गाडी घ्यायला निघालं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, बीएस-६ हे धुराचे नवे नियम आल्यापासून डिझेल गाडी धूरच सोडत नाही, सायलेन्सरला पांढरा रुमाल लावला तरी काळा होत नाही, मग इलेक्ट्रिकच्या नादाला कशाला लागायचं? ती तरी कोळशाच्याच विजेवर चालते ना? दुसरा म्हणतो, जर्मनीनंसुद्धा डिझेल सोडलं, आपण काय धरून बसायचं? वादात जर्मनी आली की मला फोन येतो, कारण मी स्टुटगार्टमध्ये राहते.

आधी जर्मनीचं सांगते. इथं २०१५ साली विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत जवळपास निम्म्या डिझेलच्या होत्या. २०२४ मध्ये हे प्रमाण १७ टक्क्यांवर आलं. पण त्याच वर्षी पूर्ण इलेक्ट्रिक गाड्या १४ टक्क्यांच्याही आतच होत्या. लोक डिझेल सोडून पेट्रोलकडे आणि हायब्रिडकडे गेले. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं इलेक्ट्रिक गाडीवरचं अनुदान एका रात्रीत बंद केलं आणि पुढच्या वर्षी विक्री घसरली. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी गाडी रात्री चार्जिंगला लावायची कुठं, हा प्रश्न इथंही आहेच. म्हणून ‘जर्मनीनं डिझेल सोडून इलेक्ट्रिक धरलं’ असं कुणी सांगितलं तर ते अर्धंच खरं आहे.

लोकांचा डिझेलवरचा विश्वास का उडाला, हे सोलापूरच्या वादात कुणी बोलत नाही. १८ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं फोक्सवॅगनला नोटीस काढली. गाडीतलं सॉफ्टवेअर ओळखायचं की आपण प्रयोगशाळेत आहोत, आणि तेवढ्यापुरता नायट्रोजन ऑक्साइडचा धूर कमी करायचं. रस्त्यावर आली की तीच गाडी मर्यादेच्या काही पट, अमेरिकेतल्या काही मॉडेलमध्ये तर चाळीस पटींपर्यंत, धूर सोडायची. जगभरात अशा १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. भारतातही पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं केलेल्या चाचण्यांनंतर कंपनीनं ३ लाख २३ हजारांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ५०० कोटींचा दंड ठोठावला. गाडी स्वच्छ आहे याची कागदपत्रं मात्र त्या सगळ्यांकडे अगदी चोख होती.

स्टुटगार्ट डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात वसलंय, हवा लवकर हलत नाही. नेकारटोर नावाच्या चौकात हवा मोजायचं केंद्र आहे आणि कित्येक वर्षं ते सगळ्या देशात बदनाम होतं. तिथं रस्त्याच्या कडेला शेवाळाची शंभर मीटर लांब भिंत उभी करून बघितली, धूळ शोषून घेईल म्हणून. फरक पडला नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये लाइपझिगच्या न्यायालयानं शहरांना जुन्या डिझेल गाड्या अडवायची मुभा दिली, आणि १ जानेवारी २०१९पासून इथं युरो-४ (युरोपातलं बीएस-४सारखं जुनं मानक) आणि त्याआधीच्या डिझेल गाड्यांना बंदी आली. त्या चौकात नायट्रोजन डायऑक्साइडची, म्हणजे त्याच वायूंपैकी एकाची, वार्षिक सरासरी २०१८ मध्ये घनमीटरमागं ७१ मायक्रोग्रॅम होती. २०२० मध्ये ती ३८ झाली. मर्यादा ४० ची, भारतातही तेवढीच. हे सगळं बंदीमुळं झालं असं मी म्हणणार नाही. लॉकडाउन होता, नव्या गाड्या आल्या होत्या, चौकात हवा गाळणारी यंत्रंही बसवली होती. पण ज्या शेजाऱ्यांनी बंदीच्या दहा वर्षं आधी ‘पर्यावरणपूरक’ म्हणून डिझेल गाडी घेतली होती, त्यांची गाडी कवडीमोल झाली, आणि त्यांचा राग मला आजही रास्त वाटतो.

डिझेल खरोखर सुधारलं ते फोक्सवॅगनच्या घोटाळ्यानंतर. सप्टेंबर २०१७पासून युरोपात नव्या मॉडेलना रस्त्यावर चालवून, मागं यंत्र लावून धूर मोजणं सक्तीचं झालं. भारतात हीच गोष्ट १ एप्रिल २०२३ला आली, बीएस-६च्या दुसऱ्या टप्प्यात. त्यामुळं आजच्या नव्या डिझेल गाडीला सरसकट विष म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही. बीएस-४ मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागं २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची सूट होती, बीएस-६ मध्ये ती ८० झाली. इंधनातलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत दहा भाग) आलं. मोठं काम आहे हे, आणि भारतानं मधला बीएस-५ वगळून ते केलं.

पण या गाडीचा स्वच्छपणा तिच्या काही भागांवर टिकून असतो. काजळी अडवणारा फिल्टर हवा, नायट्रोजन ऑक्साइड मोडणारं तंत्र हवं, ज्यात बऱ्याच गाड्यांना आणि जवळपास सगळ्या नव्या ट्रकना युरियाचं पाणी लागतं, आणि हे सगळं चालवणारं सॉफ्टवेअर प्रामाणिक हवं. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला गाडी जरा वेगात, सलग पळावी लागते. सात रस्ता ते नवी पेठ, नवी पेठ ते होटगी रोड एवढंच जिचं फिरणं, तिचा फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग कुणीतरी सल्ला देतो, काढूनच टाका, ॲव्हरेजही वाढेल. ट्रकवाल्यांना युरियाचा खर्च नको असतो, त्यांना युरिया भरल्याचं खोटंच सांगणारं छोटं यंत्र बसवून मिळतं. अशी गाडी बीएस-६च्या कागदावर धावते, आणि धूर जुन्या गाडीसारखा सोडते.

आपली पीयूसी तिला पकडू शकत नाही. डिझेलच्या पीयूसीत ॲक्सिलरेटर दाबून धुराचा दाटपणा पाहतात, म्हणजे प्रकाश किती अडतो एवढंच. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजलाच जात नाही. फिल्टरला तडा गेला असेल तरी बारीक कण डोळ्यालाही दिसत नाहीत आणि त्या यंत्रालाही. जर्मनीलाही हेच नडत होतं, म्हणून १ जुलै २०२३पासून युरो-६ डिझेलच्या ठरावीक काळानं होणाऱ्या तपासणीत कण मोजायचं यंत्र आलं. एका घन सेंटिमीटरमध्ये अडीच लाखांपेक्षा जास्त कण निघाले की गाडी नापास. तपासणी काही मिनिटांत होते. पांढऱ्या रुमालाचा प्रयोग मला पटत नाही तो यासाठीच. रुमालावर न दिसणारेच कण फुप्फुसात खोल जातात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं २०१२ मध्येच जाहीर केलंय.

आता कोळशाचा मुद्दा. तो टाळून इलेक्ट्रिकची बाजू घेणं सोलापूरकराला तरी शोभणार नाही, कारण दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. हिशेब साधा करून बघा. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. गाडी लिटरला १८ देत असेल तर किलोमीटरमागं १५० ग्रॅम. भारतात एका युनिट विजेमागं साधारण ७०० ग्रॅम, आणि इलेक्ट्रिक गाडी युनिटला सहा किलोमीटर गेली तर ११५ ते १२० ग्रॅम. बॅटरी बनवतानाचं वेगळं, डिझेल काढून, शुद्ध करून आणतानाचंही वेगळं. आयसीसीटी या संस्थेनं २०२१ मध्ये गाडीच्या पूर्ण आयुष्याचा हिशेब मांडला. पेट्रोल गाडीच्या तुलनेत युरोपात इलेक्ट्रिकचा फायदा ६६ ते ६९ टक्के, भारतात १९ ते ३४ टक्के. फायदा दोन्हीकडे आहे, पण आपला निम्म्याहून कमी.

यात सोलापूरवर होणारा अन्याय मला जास्त छळतो. पुण्यात इलेक्ट्रिक गाडी धावली की पुण्याच्या चौकातला धूर कमी होतो, आणि त्या विजेतला काही भाग जळतो आमच्या जिल्ह्यात, उजनीच्या पाण्यावर. औष्णिक केंद्रांच्या धुराचे कडक नियम डिसेंबर २०१५ मध्ये आले. मुदत २०१७ची होती, ती वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना गंधक काढायच्या यंत्रणेतून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी असतं, हे सरकारचं म्हणणं चुकीचं नाही. तरी सोलापूर शहर आधीच राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या प्रदूषित शहरांच्या यादीत आहे. इथल्या रस्त्यावरची धूळ, पेटवलेला कचरा, उसाचं पाचट, यात गाड्यांचा वाटा एकच. मग जो मोजता येतो तो तरी मोजा.

माझा मामेभाऊ भाविकांना गाडीनं फिरवतो. तो म्हणतो, “ताई, तुझ्याकडचं जाऊ दे, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर एका दिवसात करायचं तर मी चार्जिंगला थांबू कुठं?” सोलापूरहून तिन्हीकडे जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या आसपास होतात, वर एप्रिल-मेच्या उन्हात एसी दिवसभर चालू. त्याची अडचण खरी आहे. तरीही मला वाटतं, रोज सर्वांत जास्त धावणाऱ्या गाड्याच आधी इलेक्ट्रिक व्हायला हव्यात, कारण किलोमीटरमागचा फायदा तिथंच साठतो. भाविक दर्शनाच्या रांगेत दोन तास असतात, तेवढ्या वेळात देवस्थानाच्या पार्किंगमध्ये जलद चार्जर असला की काम झालं. तो येईपर्यंत त्यानं नवीन डिझेल गाडी घेतली तर मी त्याला दोष देणार नाही, फक्त फिल्टर काढू नकोस एवढं बजावून सांगेन. शहरात फिरणाऱ्या घरच्या गाडीचं मात्र वेगळं. स्वतःचं घर असेल, छतावर सोलर बसवता येत असेल आणि गाडी दिवसा दारात उभी राहत असेल, तर सोलापूरसारख्या उन्हाच्या गावात डिझेल घ्यायचं कारण मला दिसत नाही.

कण मोजायचं यंत्र काही हजार युरोंचं आहे. प्रत्येक पीयूसी टपरीवर ते लगेच येणार नाही, हे मान्य. पण व्यावसायिक गाड्यांना फिटनेस तपासणी आहेच, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी. सुरुवात तिथून करता येईल, आधी ट्रक आणि बस, मग वडापच्या जीप. सोलापूरच्या आरटीओत असं एक यंत्र बसवावं, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे लेखी करायला हवी, आणि डिझेलची बाजू घेणाऱ्यांनीच त्यात पुढाकार घ्यावा असं मला वाटतं. त्यांची गाडी खरंच स्वच्छ असेल तर ती पास होईल.