स्लीव्ह चढवली म्हणजे जोड पक्का झाला, असं नाही

जुन्या गाडीचं वायरिंग नव्याने करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरतो: ‘टेप फेकून द्या, सगळीकडे हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आकसून तारेवर घट्ट बसणारी प्लॅस्टिकची नळी) चढवा. जोड मजबूत होतो, पाणी शिरत नाही, लायटरने तापवली तरी भागतं.’ जोडावर काळी टेप नको, हे मला मान्य आहे. इंजिनच्या उष्णतेने तिचा गोंद पातळ होतो, टेप उलगडते आणि तारेवर नुसता चिकटा उरतो. बाकीचं मात्र पटत नाही.

आधी मजबुतीचं. स्लीव्ह हे इन्सुलेशन आहे, ताण झेलणं तिचं काम नाही. तारा नुसत्या पिळून वर स्लीव्ह आवळली की बाहेरून जोड देखणा दिसतो, आत पीळ धक्क्यांनी सैल होत राहतो. सैल जोड तापतो. 55 वॉटचा एक बल्ब 12 व्होल्टला साडेचार अँपिअरच्या वर करंट घेतो. असा जोड वाटेत असेल तर दिवा मंद होतो आणि तार गरम लागते. सोल्डर केलं तरी प्रश्न संपत नाही. वितळलेलं सोल्डर तारेच्या धाग्यांतून इन्सुलेशनखाली चढतं, तेवढी तार काडीसारखी ताठ होते आणि ताठपणा संपतो नेमकी तिथेच कंपनाने तुटते. म्हणून आधी योग्य मापाचं क्रिंप (तारांवर पक्कडीने दाबून आवळायची धातूची नळी), ते हाताने ओढून पाहायचं, मग स्लीव्ह.

पाण्याबद्दलचा गैरसमज त्याहून महाग पडतो. एका गाडीच्या हेडलाइटमागचा जोड मी ब्लेडने चिरला होता. स्लीव्ह वरून घट्ट, एक सुरकुती नाही. आत तांबं हिरवं पडलेलं. नखाने टोकरलं तर भुकटी होऊन गळायला लागलं. पाणी तारेच्या कडेने आत गेलं होतं आणि स्लीव्हमुळेच ते वाळायला वाव नव्हता. साधी एकपदरी स्लीव्ह पाणी अडवत नाही. हेडलाइटमागे, चाकांच्या वर, गाडीच्या तळाशी आतून गोंदाचा थर असलेली दुपदरीच वापरा. तापवल्यावर दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कड बाहेर आलेली दिसली पाहिजे. एका टोकातून दोन तारा निघत असतील तर त्यांच्यामधली फट भरली का, तेही बघा. मापही महत्त्वाचं: 2:1 ची, म्हणजे तापवल्यावर निम्मी होणारी, 6 मिमी स्लीव्ह फार तर 3 मिमीपर्यंत आवळते, त्याहून बारीक तारेवर ती सैलच राहणार.

लायटर नकोच. पॉलिओलेफिन या प्लॅस्टिकच्या स्लीव्हला आकसायला साधारण 90 ते 120 अंश सेल्सिअस पुरतात. ज्योत त्याच्या कितीतरी पट तापते, एक बाजू करपते, दुसरी ढिली राहते आणि शेजारच्या तारेचं इन्सुलेशन वितळतं. हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) वापरा आणि ती स्लीव्हच्या मध्यापासून टोकांकडे फिरवत न्या.

राहिलं ‘सगळीकडे’. अख्खा लूम, म्हणजे एकत्र बांधलेला तारांचा जुडगा, स्लीव्हमध्ये कोंबला की तो ताठ होतो, वळणावर रेटून बसवावा लागतो आणि पुढे एखादी तार बदलायची तर सगळं चिरावं लागतं. शिवाय तारांचे रंग झाकले जातात. जुन्या ब्रिटिश गाडीत तपकिरी तार बॅटरीची, पांढरी इग्निशनची, काळी अर्थिंगची, हे उघडताक्षणी कळतं, त्यावरच तर फॉल्ट शोधायचा असतो. लूमला बिनगोंदाची पीव्हीसी टेप गुंडाळा. ती चिकट होत नाही, लूम लवचीक राहतो आणि फांदी फुटते तिथे हवी तेवढी उलगडता येते.