सासूला आत्याबाई का म्हणायचे?

मराठीतली सगळी नाती संस्कृतातनं आलीत असा एक फॉरवर्ड ग्रुपवर परत परत फिरतोय. हे अर्धंच खरंय, आणि सोलापूरच्या माणसानं तरी ते डोळे झाकून पुढं ढकलू नये असं मला लय मनापासून वाटतं.

खरं अर्ध म्हणजे श्वश्रूची सासू झाली, स्नुषेची सून, ननान्दृची नणंद, देवराचा दीर, आणि जाऊ आली यातृवरनं. मान्य. पण घरात हाक मारायची वेळ आली की अण्णा, अक्का, अप्पा, हे सगळं दक्षिणेकडचं.

आणि सासरची नाती बघा. जुन्या बायका सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणायच्या. कारण मामाच्या पोरीशी लग्न करायची आपल्याकडं रीतच होती, म्हणजे पोरीच्या बाजूनं बघितलं तर ती आत्याच्याच घरात सून म्हणून जायची, सासू म्हणजे बापाची बहीण, आणि आत्याच्या नवऱ्याला बऱ्याच घरात मामाच म्हणतात म्हणून सासरा मामंजी. आता सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाच्या कुठल्याही घरात विचारा, तेलुगूत बापाची बहीण पण अत्ता आणि सासू पण अत्ता. अक्कलकोटकडं कन्नड घरात अत्ते, तिथंपण दोघींना एकच शब्द. आपला मेहुणा पण असाच, बायकोचा भाऊ तोच आणि बहिणीचा नवरापण तोच.

उत्तरेत मामेबहीण म्हणजे बहीणच, तिच्याशी लग्न हा विचारसुद्धा चालत नाही. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात महाराष्ट्राला उत्तर-दक्षिणेच्या मधल्या पट्ट्यात धरलंय ते उगीच नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातपण भावा-बहिणीच्या मुलांचं आपसात लग्न निषिद्ध आहे, पण रूढी असेल तर सूट.

आता अशी लग्नं कमी झालीत, डॉक्टरही नको म्हणतात, ते बरोबरच आहे. सुना आई-बाबा म्हणतात, त्यातही माया आहे. आणि सासू आत्या होती म्हणून कुणाला सासुरवास झालाच नाही असंही मी म्हणणार नाही. पण शाळेत नात्यांचा तक्ता शिकवताना आत्याबाई, मामंजी, अक्का हे कुठनं आले तेपण सांगायला पाहिजे, आणि सोलापुरात तर सोपंय, तेलुगू-कन्नड बोलणारी पोरं त्याच वर्गात बसलेली असतात, घरी आत्याला काय म्हणता ते त्यांनाच विचारा की.