हवा कमी आहे

कागद अजून पाकिटात आहे. कालपासून चार वेळा काढून बघितला, आकडा तोच आहे. ८६.७. चाकांवर मोजलेली अश्वशक्ती.

गाडी २०२१ची पोलो. एक लिटरचं टर्बो इंजिन, कागदोपत्री ११० पीएस, म्हणजे जवळपास तेवढीच अश्वशक्ती. तिच्यावर मी रीमॅप करून घेतलं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललं, हवा आत घेणारा इनटेक बदलला, टर्बोकडून येणारा रबरी पाइप काढून जाड निळा सिलिकॉनचा बसवला. एकूण अठ्ठावन्न हजार. (घरी सांगितलेला आकडा वेगळा आहे.) हे सगळं करणारा ट्यूनर म्हणाला होता, एकशे पस्तीस कुठे गेले नाहीत. त्यातले गिअरबॉक्स आणि टायर खातात ते वजा केले तरी चाकांवर ११५ दिसायला हवेत. काहीही न करता गाडी तशीच आणली असती तरी ९३-९४ आले असते. म्हणजे अठ्ठावन्न हजार मोजून मी सात घोडे विकून आलो.

डायनो, म्हणजे गाडीची ताकद मोजायचं यंत्र, ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: जमिनीत दोन रूळ असतात, गाडीची पुढची चाकं त्यांवर चढवतात, चारही बाजूंनी पट्टे लावून गाडी अशी आवळतात की खाटकाकडचा बोकडही जरा सैल असतो. समोर लग्नाच्या हॉलमधला असावा असा पंखा. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून ॲक्सिलरेटर जमिनीला टेकवायचा. इंजिन बोंबलतं, रूळ फिरतात, मागच्या सोसायटीतली कुत्री उठतात, आणि गाडी इंचभरही कुठे जात नाही. दर वेळचे पंधराशे रुपये.

आणि तिथे काका होते.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त. शेजारच्या गाळ्यात त्यांच्या वॅगन आरच्या एसीत गॅस भरायला टाकला होता, वेळ जात नव्हता, म्हणून प्लॅस्टिकची खुर्ची उचलून ते इकडे येऊन बसले. थेट पंख्याच्या वाऱ्यात.

"काय हो, एवढी पळवताय, आणि जागेवरच?"

म्हटलं, ताकद मोजतोय.

"मायलेज किती देते?"

सांगितलं. त्यांनी मान अशी हलवली की माझ्या घरी कोणी आजारी असावं. तेवढ्यात कागद छापून आला. माझ्या आधी तो काकांच्या हातात गेला, कारण प्रिंटरजवळ तेच होते. "शहाऐंशी! डिस्टिंक्शन की हो."

मी म्हणालो, कमी आहेत. कंपनीच ११० म्हणते.

"मग आमच्या जावयाच्या स्विफ्टला नव्वद आहेत. म्हणजे तुमची स्विफ्टपेक्षा कमी?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी समजवायला गेलो की स्विफ्टचे नव्वद इंजिनात आहेत, माझे शहाऐंशी चाकांवर आहेत, मधे गिअरबॉक्स येतो, घर्षण येतं...

"वहनव्यय!" काका खुर्चीतून अर्धे उठले. "सरळ सांगा ना. धरणातून सोडलं तेवढं पाणी टेलच्या शेतकऱ्याला पोचतं का? कालव्यात झिरपतं, उन्हानं उडतं, वरचे लोक रात्री पाइप टाकून ओढतात. मी पस्तीस वर्षं तेच मोजलं." मग ट्यूनरकडे वळून, "तुमचा वहनव्यय किती धरता?"

ट्यूनर म्हणाला, पंधरा टक्के.

"पंधरा?" काका हसले. "पंधरावर आम्ही सत्कार केला असता."

गॅरेजातली सगळी पोरं आता त्यांच्याभोवती. कोणीतरी त्यांना चहा दिला. मला नाही दिला, आणि पंधराशे मी भरत होतो.

खरं तर या अश्वशक्तीचाच मला राग येऊ लागला आहे. जेम्स वॉटला वाफेची इंजिनं खपवायची होती, आणि गिऱ्हाइकाकडे होते घोडे. म्हणून त्यानं एका घोड्याचं काम ठरवून टाकलं, आजच्या हिशेबात ७४६ वॅट. खरा घोडा जीव खाऊन निघाला तर थोडा वेळ पंधरा अश्वशक्तीपर्यंत जातो म्हणे. म्हणजे माझी अख्खी पोलो सहा घोड्यांची बग्गी. वरातीत चालली असती.

दुसरी फेरी, ८५.९. तिसरी, ८५.२. ट्यूनर एकेक संशयित पुढे आणत होता. आधी पेट्रोल: "सर, साधं टाकलंय का?" नाही, १०० ऑक्टेनचं टाकलंय, साध्याच्या दीडपट भावाचं, खास आजच्यासाठी. मग प्लग. काढले, बघितले, परत लावले. मग क्लच घसरत असेल. पण तो घसरला तर इंजिनचे आरपीएम पळतात आणि रूळ मागे राहतात. तसं काही दिसत नव्हतं. मग ऊन. मे महिना, बाहेर ३९ अंश, इंजिनात शिरणारी हवा तापली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, घाबरून इग्निशन मागे घेतो आणि ताकद उतरते. हे मला पटलं असतं. पण तापमानाची आणि दाबाची भरपाई सॉफ्टवेअरनं आकड्यात आधीच घातली होती, कागदावर खाली बारीक अक्षरात तसं लिहिलंय. एकच सबब दोनदा वापरत होते.

आणि दर फेरीनंतर काकांचं एकच: "हवा कमी असेल. चाकातली. बघा तर खरं."

मी तिसऱ्यांदा शांतपणे म्हणालो, काका, टायरच्या हवेनं तीस घोडे जात नाहीत.

"मी कुठं तीस म्हणालो? मी म्हणालो, हवा बघा."

शेवटी लॉग उघडला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरनं ठेवलेली नोंद. इंजिन मागतंय १.३ बार बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला हवेचा दाब, मिळतोय ०.८. टर्बो बिचारा जीव तोडून फुंकतोय आणि मधेच कुठेतरी गळतंय. (हा लॉग पहिल्या फेरीनंतरही उघडता आला असता. पण मग दुसरी आणि तिसरी फेरी झाली नसती.) मग गळती शोधायचं धुराचं यंत्र लावलं. मिनिटभरात निळ्या पाइपच्या खालून उदबत्तीसारखी रेघ निघाली. क्लॅम्प नीट आवळलाच नव्हता. तो पाइप मी घरी बसवला नव्हता. इथेच बसवला होता, मागच्या शनिवारी.

पोरगा बॉनेटमधून ओरडला, "हवा लीक आहे!"

काकांनी कप खाली ठेवला. "म्हटलं होतं."

टाळ्या पडल्या. खोटं नाही सांगत, दोघांनी खरोखर टाळ्या वाजवल्या. मी म्हणत होतो, अहो, हे टायरबद्दल बोलत होते, ही हवा वेगळी, पण ऐकतं कोण? ट्यूनर स्वतः म्हणाला, "काकांचा अनुभव आहे सर." अनुभव कालव्याचा!

क्लॅम्प आवळून चौथी फेरी: १०९.४. एकशे पंधरा तरीही नाहीच. "पावसाळ्यात या सर, थंड हवेत अजून पाच निघतील." बिलावर नवीन क्लॅम्प ६० रुपये आणि 'निदान' १,५०० रुपये. त्यांनीच ढिला ठेवलेला क्लॅम्प त्यांनीच शोधला, त्याचे. मी वाद घातला, फार घातला नाही. पैसे दिले.

निघताना काकांची वॅगन आर तयार होती. त्यांनी हवावाल्या पोराला हाक मारली, चारही टायर बघून घेतले आणि माझ्याकडे बोट केलं. "यांचेही बघ रे."

नको म्हणेपर्यंत पोरानं गेज लावला होता. पुढचा डावा २४. पुढचा उजवा २५.

"रुळावर घ्यायच्या आधी चेक करतात खरं तर," पोरगा म्हणाला. ट्यूनर फोनवर बोलत आत निघून गेला.

काका काहीच बोलले नाहीत. नुसते गाडीत बसले, एसी लावला आणि काच वर केली.